नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागचे तीन विकांत एका रिलीजने खाल्ले, चौथा झोपेने. (प्राधान्यक्रम म्हणतात तो हाच.) पण आजचा लेख पाच वर्षं डोक्यात घोळतोय आणि त्यात एक कबुलीजबाब आहे, म्हणून टाळत आलो होतो.

कबुली आधीच देऊन टाकतो. २०२० च्या नोव्हेंबरात मी माझ्या आईच्या नावावर एक ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं. व्हिडिओ मी संपवले, प्रश्नांची उत्तरं मी दिली आणि प्रमाणपत्रावर नाव तिचं आलं.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमचं गाव मुखेड. नांदेड जिल्हा, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातलं. लॉकडाऊनमध्ये मी हिंजवडीचं हापिस पाठीवरच्या सॅकमध्ये घालून घरी आलो होतो आणि वरच्या खोलीत बसून काम करत होतो. संध्याकाळी खाली आलो की रोज एकच दृश्य. खिडकीच्या कट्ट्यावर आईचा फोन उभा करून ठेवलेला (रेंज तिथेच यायची), त्यात कुणीतरी प्रमाण मराठीत अध्यापनशास्त्र समजावून सांगतंय, आणि आई स्वयंपाकघरात भाकरी थापतेय. व्हिडिओ बघायला समोर फक्त आमची मांजर.

"आई, अगं कुणी बघतच नाहीये."

"चालू आहे की. चालू ठेवायचं म्हणले."

मला हसू आलं. आणि मग लगेच हसू थांबलं, कारण मी पोटासाठी नेमकं हेच काम करत होतो.

तेव्हाची माझी कंपनी (नाव नको) मोठ्या उद्योगांच्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षणाचं सॉफ्टवेअर बनवायची. त्यात व्हिडिओ दाखवणारा जो भाग असतो, तो आमच्या टीमकडे. ग्राहकांची तक्रार एकच: लोक बघत नाहीत. मग आम्ही एकेक कुलूप लावत गेलो. व्हिडिओ पुढे सरकवता येणार नाही. दुसऱ्या टॅबवर गेलात की व्हिडिओ थांबणार. दर काही मिनिटांनी एक चौकट येणार, 'तुम्ही अजून इथे आहात का?' ती चौकट माझी. म्हणजे कल्पना मॅनेजरची, कोड माझा. ती लिहिली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही लपवत नाही.

त्याच वर्षी कंपनीचं सक्तीचं वार्षिक प्रशिक्षण आलं. माहितीची सुरक्षितता वगैरे. मी काय केलं असेल? ती चौकट आली की आपोआप 'हो' दाबणारी बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि जेवायला गेलो :-)

तर आईचा फोन मीच हातात घेतला. तिला शाळा बंद असताना गल्लोगल्ली जाऊन पोरांना अभ्यास द्यायचा होता, रात्री त्याची माहिती भरायची होती आणि वर हे. "करून टाक की तूच," ती म्हणाली. मी दोन रात्रींत करून टाकलं. शंभर टक्के. प्रमाणपत्र तिने फाइलला लावलं. आठवडाभराने भाजी निवडता निवडता तिने सहज विचारलं, "त्यात काय होतं रे?"

मला एक वाक्य सांगता आलं नाही.

हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही. आई काही शिकायचा कंटाळा असणारी बाई नाही. डी.एड. झाल्यावर नोकरी करत करत तिने मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलं. एमएस-सीआयटी केलं. दोन्ही वेळा मी लहान होतो, पण तिची धांदल मला आठवते. मग तीच बाई २०२० मध्ये फोन कट्ट्यावर ठेवून भाकरी का थापत होती? माझ्यातल्या इंजिनियरला वाटलं, हा बग आहे, शोधू. म्हणून जुनं वाचत गेलो. आणि बग फार जुना निघाला.

दूरस्थ शिक्षणाच्या इतिहासात आयझॅक पिटमन हे नाव हमखास येतं. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत कुठेही पत्र जायची सोय झाली आणि या गृहस्थाने टपालाने शॉर्टहँड शिकवायला सुरुवात केली. शिकणाऱ्याने मजकूर शॉर्टहँडमध्ये उतरवून पाठवायचा, पिटमनने तो दुरुस्त करून परत पाठवायचा. यातला दुसरा भाग महत्त्वाचा. धडे पाठवणं कुणालाही जमलं असतं. पण आपण लिहिलेलं कुणीतरी वाचलं, त्यावर खुणा केल्या आणि ते परत आलं, ही वाट बघण्यासारखी गोष्ट होती. टपालवाल्याची वाट बघणारा विद्यार्थी अभ्यास सोडत नसावा.

आता आपल्याकडे येऊ. १९५६ सालचं पुणे.

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचं एक मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे, एकूण २० कार्यक्रम. शेती, आरोग्य, गावचा कारभार असे विषय. ही कल्पना मूळची कॅनडाची. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी अशी रेडिओ मंडळं चालत होती. पण पुण्याच्या प्रयोगाचं मोजमाप इतकं चोख झालं की जगभरच्या पुस्तकांत त्याचं नाव गेलं.

मंडळ चालायचं कसं? सगळ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा. मग रेडिओ बंद करायचा (हे फार महत्त्वाचं, पुढे सांगतो) आणि चर्चा करायची. मंडळाला एक अध्यक्ष, एक सचिव. सचिवाने चर्चेचा वृत्तान्त लिहून केंद्राला पाठवायचा, त्यात प्रश्न असले तर तेही. आणि त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून रेडिओवर उत्तर मिळायचं. कल्पना करा, १९५६ साली आपल्या गावचा प्रश्न रेडिओवर! पुढचा कार्यक्रम कोण चुकवेल?

मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं, पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. त्यांनी तीन प्रकारची गावं घेतली: मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नसलेली. आजच्या भाषेत ए-बी टेस्टिंग, तेही ए-बी-सी. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून त्यांना काय माहीत आहे ते तपासलं. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांचं ज्ञान भरघोस वाढलं होतं. आणि ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथली वाढ त्यापुढे किरकोळ होती.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. यंत्र तेच, कार्यक्रम तेच, भाषा तीच. फरक एवढाच की रेडिओ बंद केल्यावर कुणीतरी शेजारी बसलेलं होतं. म्हणजे माझ्या आईचा कट्ट्यावरचा फोन म्हणजे मंडळ नसलेल्या गावातला रेडिओ! ६४ वर्षांपूर्वी याचं उत्तर मोजून, लिहून, छापून ठेवलं होतं आणि आम्ही हिंजवडीत बसून कुलपं बनवत होतो.

(जाता जाता: तेव्हा मुखेड मुंबई राज्यात नव्हतंच. आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. म्हणजे प्रयोग संपला आणि मग आम्ही आलो. मराठवाड्याचं नशीब, दुसरं काय.)

पुढे काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर ही नुसती सुविचाराची गोष्ट होईल. १९५९ पासून ही मंडळं देशभर करायला घेतली. काही वर्षांत हजारो मंडळं झाली. पण पुण्यातला जीव त्या विस्तारात राहिला नाही. पुण्यात या मंडळांसाठी खास माणसं नेमलेली होती, ती गावोगाव फिरायची, वृत्तान्त आला नाही तर विचारायची. देशभर पसरल्यावर तेवढी माणसं कुठून आणणार? मंडळांची संख्या वाढली, पण पत्र वाचून उत्तर देणारा हात त्या मानाने वाढला नाही. आमच्या धंद्यात याला स्केलिंगचा प्रश्न म्हणतात. सर्व्हर वाढवता येतात हो...

दुसरी गोष्ट १९७५ ची. 'साइट' हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट दूरचित्रवाणी पोचवली. तीन मीटर व्यासाची जाळीची अँटेना, शाळेत किंवा पंचायतीत ठेवलेला टीव्ही. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे होते. आमच्याकडून बिदर ओलांडलं की गुलबर्गाच. म्हणजे पुन्हा थोडक्यात हुकलं :-)

साइट म्हटलं की लोकांना शेतीचे कार्यक्रम आणि टीव्हीभोवती जमलेलं गाव आठवतं. पण त्यातच प्राथमिक शिक्षकांचं विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षणही झालं. १२ दिवसांचं, पहिली फेरी ऑक्टोबर १९७५ मध्ये, दुसरी १९७६ मध्ये, दोन्ही मिळून सुमारे ४८ हजार शिक्षक. आकाशातून एकाच वेळी हजारो शिक्षकांना प्रशिक्षण, तेही पन्नास वर्षांपूर्वी. आपण ज्याला आज वेबिनार म्हणतो त्याचा हा आजोबा.

पण आजोबा शहाणे होते. त्यांनी नुसता टीव्ही लावून दिला नाही. शिक्षक एका जागी जमायचे. टीव्हीचा कार्यक्रम, सोबत रेडिओचा, छापील साहित्य, आणि मग हाताने प्रयोग करून बघायचे. प्रत्येक ठिकाणी हे सगळं चालवायला एक प्रशिक्षित शिक्षक. टीव्हीला उलट प्रश्न विचारता येत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून ज्याला विचारता येईल असा माणूस त्यांनी टीव्हीशेजारी बसवला.

प्रश्न उलट विचारता यावा यासाठी पुढे बराच खटाटोप झाला. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोने केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला. त्यात शिकवणाऱ्याला वर्गातून प्रश्न विचारता येईल अशी सोय होती. त्याआधीच्या चाचणीत आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही होतं. २०१० मध्ये हा उपग्रह निवृत्त झाला.

मुक्त विद्यापीठ म्हटलं की मला आई आठवते. हे विद्यापीठ १ जुलै १९८९ ला सुरू झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले. मूळ धडा ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा, जिथे १९७१ पासून बीबीसीवरून व्याख्यानं लागायची. पण तिथेही विद्यार्थी बीबीसीच्या भरवशावर सोडलेले नव्हते. प्रत्येकाला एक ट्यूटर होता, तो निबंध तपासून शेरे लिहायचा, उन्हाळ्यात एकत्र शिबिरं व्हायची. आपल्या विद्यापीठाने तेच अभ्यासकेंद्रं आणि संपर्क सत्रं या रूपात आणलं.

आई बी.एड. करत होती तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. सुट्टीत संपर्क सत्र असलं की पहाटेची एसटी, डबा आणि मी आजीकडे. तिच्या जाड पुस्तकांच्या समासात प्रश्न लिहिलेले असायचे. मी एकदा विचारलं होतं, पुस्तकात का लिहितेस, बाई रागावतील. ती म्हणाली, हे मला सरांना विचारायचंय.

समास! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये समास नव्हता. पाच तारे होते.

मग एमएस-सीआयटी. राज्य शासनाने २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन केली आणि पुढच्या वर्षी हा कोर्स आला. महाराष्ट्रात ज्या घरात सरकारी नोकर आहे त्या घरात हे प्रमाणपत्र आहेच. कारण सरळ होतं: नाही केलं तर वेतनवाढ अडकणार. म्हणजे सक्तीच. आणि शिकवणंही बरंचसं संगणकानेच. मग हे का जमलं?

आईला विचारलं. ती म्हणाली, "बॅच होती ना आमची." संध्याकाळी शाळा सुटल्यावर पाच-सहा बायका तालुक्याच्या केंद्रावर जमायच्या. सगळ्या माउसला घाबरायच्या. केंद्रावर एक पोरगा होता, जेमतेम विशीतला, यांना मॅडम मॅडम म्हणायचा आणि एकच गोष्ट दहादा सांगायचा. एकीने चुकून फाइल उडवली तर सगळ्या हसायच्या आणि पुढच्या आठवड्यात दुसरी उडवायची. परीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी मिळून पेढे आणले.

यातून माझा एक लाडका गैरसमज मोडला. मला वाटायचं की सक्ती हाच सगळ्याचा शत्रू आहे, सक्ती काढा, लोक आवडीने शिकतील. पण एमएस-सीआयटी सक्तीचंच होतं आणि आई शिकली. आज ती एक्सेलमध्ये शाळेचे हिशेब करते ते त्यातूनच. उलट जिथे काडीचीही सक्ती नाही तिथे काय होतं ते बघा. २०११ मध्ये स्टॅनफर्डमध्ये शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स जालावर चकटफू ठेवला. १ लाख ६० हजार लोकांनी नाव घातलं, २० हजारांच्या पुढे लोक शेवटपर्यंत गेले. पुढच्या वर्षी अशा कोर्सांच्या कंपन्याच निघाल्या आणि विद्यापीठं बंद पडणार अशी हाकाटी झाली. मग २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा कोर्सांचा हिशेब छापून आला. २०१७-१८ मध्ये नाव घालणाऱ्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यात मात्र ४६ टक्के.

म्हणजे पैसे किंवा सक्ती माणसाला दारात आणून उभं करते, आत बसवते सुद्धा. पण आत गेल्यावर काय होतं ते वेगळ्याच गोष्टीवर ठरतं. माझी आई २०२० मध्ये दारात आलीच होती की. फोन चालू होता, शंभर टक्के भरलं. पण आत कुणी नव्हतं.

आता थोडं आमच्या धंद्याचं गुपित सांगतो. तुम्ही हापिसात जी प्रशिक्षणं उरकता त्यांच्यामागे बहुतेक वेळा 'स्कॉर्म' नावाचं एक मानक असतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास ते तयार झालं, आणि २००१ ची १.२ ही आवृत्ती कितीतरी ठिकाणी आजही चालू आहे. उद्देश चांगला होता: कोर्स कुणीही बनवो, तो कुठल्याही सिस्टिमवर चालावा. या मानकात धड्याची स्थिती लिहायला एक रकाना आहे, आणि त्यात फक्त सहा किमती बसतात: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळलं, आणि हात लावला नाही. बास. संपलं.

'समजलं पण माझ्या वर्गात लागू होत नाही' अशी किंमत नाही. 'मला एक विचारायचं आहे' अशीही नाही. आणि ज्याला रकाना नाही त्याचा रिपोर्ट निघत नाही, रिपोर्ट नाही त्याची मीटिंग होत नाही. त्यामुळे आम्ही सगळे मिळून 'अपूर्ण'चं 'पूर्ण' करण्याच्या मागे लागलो. त्याला एंगेजमेंट म्हणायचो. बॅज दिले, गुणांचा तक्ता लावला, शेवटी ती माझी चौकट.

आता २०२० चं बघा. शिक्षकांसाठी 'निष्ठा' हा राष्ट्रीय कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा समोरासमोर होता, सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी. कोविड आला आणि ऑक्टोबर २०२० पासून तो दीक्षा ॲपवर ऑनलाइन आला, १८ मोड्यूलांमध्ये. दुसरा इलाज काय होता? एवढ्या लोकांना बंद काळात कुठे बसवणार? त्या वर्षी सगळीच प्रशिक्षणं फोनमध्ये शिरली, माझ्या कंपनीची सुद्धा. मी यात कुणाला दोष देत नाही. माणसं पोचू शकत नव्हती म्हणून फक्त व्हिडिओ पोचले. चूक पुढची आहे. माणसं पुन्हा पोचू शकायला लागली, तरी आपण व्हिडिओवरच थांबलो, कारण ते स्वस्त पडतं आणि शंभर टक्के दाखवतं.

आईला मी नंतर विचारलं होतं, समजा त्या व्हिडिओवाल्या बाई समोर असत्या तर तू काय विचारलं असतंस? मला वाटलं ती म्हणेल, काही नाही. तिने हातातलं काम ठेवलं.

"माझ्या वर्गात निम्मी पोरं तांड्यावरची. घरी गोरमाटी बोलतात. एक-दोन तेलुगू बोलणारी. दिवाळी झाली की यातली अर्धी आई-बापासोबत ऊसतोडीला. परत येतात तवा आधीचं विसरून येतात. त्या बाई म्हणत होत्या गोष्टीतून शिकवा. बरोबर आहे. पण गोष्ट कुठल्या भाषेत सांगू? आणि अर्ध्या गोष्टीतच पोरगं निघून गेलं तर?"

म्हणजे तिने ऐकलं होतं! भाकरी थापता थापता. माझी समजूत होती की ती गैरहजर आहे. तिच्याकडे प्रश्न होता, पंचवीस वर्षांच्या नोकरीतून आलेला, त्या प्रशिक्षणातल्या कुठल्याही क्विझपेक्षा अवघड. तो टाकायला जागा नव्हती म्हणून तिने फोन कट्ट्यावर ठेवला. आणि मी, तिचा इंजिनियर मुलगा, चारपैकी योग्य पर्याय निवडून तिच्या वतीने फिनिश दाबलं.

ती कंपनी मी नंतर सोडली. राग वगैरे काही नाही, जास्त पगार मिळाला :-) नव्या ठिकाणीही कामं साधारण याच प्रकारची. तिथे मी एक प्रस्ताव मांडला: आठ-दहा जणांची तुकडी, आठवड्यातून एक ठरलेली वेळ, आणि लिहून विचारलेल्या प्रश्नाला दोन दिवसांत खऱ्या माणसाचं उत्तर. मॅनेजर म्हणाले, कल्पना छान आहे, पण माणूस स्केल होत नाही. मी १९५९ ची गोष्ट सांगितली नाही, कारण ती त्यांच्याच बाजूची होती. पण एका ग्राहकासाठी दोन तुकड्या करून बघायला मिळाल्या. आकडे मिरवावेत एवढ्या मोठ्या नाहीत त्या. एवढंच सांगतो, तिथे पहिल्या आठवड्यात आलेले प्रश्न वाचून कोर्स लिहिणाऱ्याने दोन धडे बदलले. उलटा प्रवाह मी या धंद्यात पहिल्यांदा बघितला.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी आज खरं तर लिहायला बसलो.

मागच्या दिवाळीच्या आधी घरी गेलो होतो. शनिवार होता, सकाळची शाळा करून आई आली, आणि तिच्यामागून आसपासच्या शाळांवरच्या तीन मॅडम आणि एक सर. कुठलंसं नवं प्रशिक्षण आलं होतं. या वेळी आईने मला विचारलंच नाही. तिचा फोन टीव्हीला जोडायला मात्र हाक मारली. मी जोडून दिला आणि चहा टाकायला आत गेलो.

आतून ऐकत होतो. व्हिडिओ दोन मिनिटं चालायचा आणि कुणीतरी थांबवायचं. "हे आपल्याकडं कसं जमंल?" मग वाद. सर म्हणाले त्यांच्या शाळेत त्यांनी मोठ्या पोरांकडून लहानांना गोरमाटीतून गोष्ट सांगवली. आई म्हणाली, परत एकदा सांगा, कशी बसवलीत पोरं? एका मॅडमने वही काढली. व्हिडिओतल्या बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर थिजून उभ्या होत्या आणि आमच्या बैठकीत १९५६ सालचं पुणे भरलं होतं. यातल्या कुणीही त्या प्रयोगाबद्दल ऐकलेलं नाही.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येतोय तेवढ्यात आई म्हणाली, "अरे बघ की, हे काय करूलालंय?"

पडद्यावर चौकट आली होती. 'तुम्ही अजून इथे आहात का? बराच वेळ हालचाल नसल्यामुळे सत्र बंद करण्यात येत आहे. कृपया धडा पुन्हा सुरू करा.'

ती माझी चौकट नव्हती. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी हापिसात बसून लिहिली असणार, आणि त्यालाही तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं असणार. पाच शिक्षक त्या दिवशी जे काही शिकले ते याच बारा मिनिटांत शिकले, आणि त्या बारा मिनिटांची नोंद कुठल्यातरी सर्व्हरवर 'अपूर्ण' अशी झाली आहे.

"पहिल्यापासून लावू का?" मी विचारलं.

"लाव की," आई म्हणाली. "चालू राहू दे तिकडं. सर, तुम्ही सांगा पुढं."